विसराळूपणासाठी ध्यान: सत्तरीत बसायचं कसं आणि अपेक्षा कशाची ठेवायची

ज्येष्ठ नागरिक संघाच्या ध्यानवर्गात नाव घालायला येणाऱ्यांचं कारण बहुतेक ठरलेलं असतं: ‘हल्ली फार विसरायला होतं.’ चष्मा कुठे ठेवला, गॅस बंद केला का, समोरून हसत आलेल्या माणसाचं नाव काय. शिकवणारेही बिनदिक्कत सांगून टाकतात की रोज वीस मिनिटं बसा, स्मरणशक्ती वाढेल. आज हातात असलेल्या पुराव्यावरून असं म्हणता येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण चुकीच्या अपेक्षेने बसलेली माणसं दोन महिन्यांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून उठतात, आणि ज्या गोष्टीत खरोखर फरक पडायला लागला होता तीही त्याबरोबर सुटते.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात सेंट लुईस आणि सॅन डिएगो इथल्या चाचणीचे निष्कर्ष आले. ६५ ते ८४ वयाचे ५८५ लोक, सगळ्यांची विसरण्याची तक्रार, पण डिमेन्शिया कुणालाच नाही. चार गट केले: एकाला सजगता-ध्यान (या क्षणी जे जाणवतंय त्याकडे चांगलं-वाईट न ठरवता लक्ष देण्याचा सराव), एकाला व्यायाम, एकाला दोन्ही, आणि एकाला नुसते आरोग्यविषयक वर्ग. ध्यानाचं उद्दिष्ट रोज ६० मिनिटं, व्यायामाचं आठवड्याला किमान ३०० मिनिटं. मुख्य मोजणी सहा महिन्यांनी आणि पुढचा पाठपुरावा १८ महिन्यांपर्यंत. घडलेल्या गोष्टी लक्षात ठेवणं आणि कामांची आखणी करून ती पार पाडणं, या दोन्ही बाबतींत ना ध्यानाने फरक पडला, ना व्यायामाने, ना दोन्ही मिळून.

त्याच वर्षी फ्रान्समधल्या काँ शहरातल्या चाचणीचे निष्कर्षही आले. ६५ वर्षांपुढच्या १३७ जणांपैकी काहींना १८ महिने ध्यान शिकवलं, काहींना इंग्रजी शिकवलं आणि काहींना काहीच दिलं नाही. मेंदूच्या ज्या भागांवर लक्ष ठेवलं होतं त्यांच्या आकारमानात आणि रक्तपुरवठ्यात ठोस फरक सापडला नाही. मात्र लक्ष आवरणं, दुसऱ्याविषयीची आपुलकी आणि स्वतःच्या मनाची जाण, या तिन्हींच्या एकत्रित मोजमापात ध्यानाचा गट इंग्रजीच्या गटापेक्षा सरस ठरला.

‘आठ आठवड्यांत मेंदू बदलतो’ हा फॉरवर्ड अजून फिरतो, त्याच्या मुळाशी २०११ चा एक छोटा अभ्यास आहे. त्यात ध्यान करणारे होते अवघे १६. २०२२ मध्ये दोनशेहून अधिक लोकांवर तेच पुन्हा पाहिलं, तेव्हा मेंदूच्या रचनेत बदल दिसला नाही. ही दुसरी बातमी फॉरवर्ड कुणी करत नाही.

मग बसायचंच कशाला? सेंट लुईस-सॅन डिएगोच्याच मंडळींनी २०१७ मध्ये १०३ ज्येष्ठांवरचा एक लहान अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्या लोकांना विसराळूपणासोबत चिंता किंवा नैराश्यही होतं. तिथे ध्यानाच्या गटाची चिंता आणि उदासी कमी झाली, स्मरणाच्या गुणांतही थोडी सुधारणा दिसली. लॉस एंजेलिसमध्ये २०१५ च्या एका अभ्यासात झोप नीट न लागणाऱ्या ४९ ज्येष्ठांपैकी काहींना सहा आठवडे सजगता शिकवली, काहींना झोपेच्या सवयींविषयी माहिती दिली. पहिल्यांची झोप जास्त सुधारली. अभ्यास छोटे आहेत, पण मला त्यांतून एक धागा दिसतो. ज्यांचा विसराळूपणा काळजीतून, उदासीतून किंवा अपुऱ्या झोपेतून येतो, त्यांना ध्यानाचा हातभार लागतो. ज्यांच्या मेंदूतच झीज सुरू आहे, त्यांची ती झीज ध्यानाने थांबते असं दाखवणारा पुरावा नाही.

पहिल्या प्रकारातली माणसं थोडी नाहीत. चष्मा टीव्हीवर ठेवताना मन मुलीच्या फोनवर असेल, तर चष्म्याची जागा मेंदूत नोंदलीच जात नाही. नंतर आपण म्हणतो ‘विसरलो’. खरं तर पाटीवर काही लिहिलंच नव्हतं, मग पुसलं जाणार काय? वय वाढतं तसं एकाच वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवणं जड जातं, त्यामुळे असे प्रसंग वाढतात. त्यात ‘मला आईसारखाच डिमेन्शिया होणार’ ही भीती मनात बसली की उरलेलं लक्षही तीच खाते.

बसण्याआधी डॉक्टर

विसराळूपणा नवा असेल किंवा वाढत असेल तर ध्यानाआधी तपासणी. बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम. शाकाहारी माणसांत, आणि वर्षानुवर्षं मधुमेहाचं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांत बी-१२ कमी निघण्याची शक्यता जास्त असते. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, लघवीची घाई रोखणाऱ्या काही गोळ्या, झोपेसाठी रोज घेतलेलं अल्प्राझोलॅम, ही सगळी डोकं जड करणारी मंडळी आहेत. त्यातली झोपेची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नाही. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

कानही तपासून घ्या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मोजले. त्यांत कमी ऐकू येणं आहे, दुर्लक्षित राहिलेली अधू नजर आहे, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, नैराश्य, एकटेपणा, बैठी राहणी, धूम्रपान, डोक्याला मार, हवेचं प्रदूषणसुद्धा आहे. हे सगळे दूर झाले तर जगातल्या जवळपास ४५ टक्के केसेस टळू शकतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. ध्यान करूनही बीपी १६० राहत असेल तर गोळी बदलायची गरज आहे, आसन नव्हे.

ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, तासाभरात तोच प्रश्न चार वेळा विचारणं, आयुष्यभर चोख असलेल्या माणसाचे बँकेचे व्यवहार गडबडणं, स्वभावच पालटणं, ही वर्गात बसून बघू म्हणण्यासारखी लक्षणं नाहीत. बदल दोन-चार दिवसांत अचानक आला असेल, किंवा पडल्यानंतर आठवड्याभराने, महिन्याभराने सुस्ती आणि गोंधळ सुरू झाला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

खुर्चीपासून सुरुवात

मांडी घालून बसण्याचा हट्ट सोडा. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्यांनी तर विचारही करू नये. हात टेकायला दांडे असलेली, न डगमगणारी खुर्ची घ्या. प्लास्टिकच्या खुर्चीचा मधला भाग खचलेला असतो, त्यात कंबर मागे घसरते आणि पाच मिनिटांत डुलकी लागते. बैठकीवर चौपदरी घडी केलेली चादर घातली की हे टळतं. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. ठेंगण्या बायकांचे पाय बरेचदा लोंबकळतात, मांडीच्या मागे कड रुतते आणि पायाला मुंग्या येतात. पायाखाली पाट ठेवला की काम भागतं. कमरेमागे छोटी उशी, हात मांडीवर, हनुवटी किंचित आत.

डोळे मिटायलाच हवेत असं नाही. चार-पाच फुटांवरच्या फरशीवर नजर सैल टाकून बसता येतं, आणि ज्यांना झोप येते किंवा डोळे मिटले की तोल गेल्यासारखं वाटतं त्यांच्यासाठी हेच चांगलं. वेळ सकाळची, चहा-नाश्त्यानंतर तासाभराने. दुपारच्या जेवणानंतर बसलात तर ती वामकुक्षी होते. बसण्याआधी लघवीला जाऊन या. कानाचं यंत्र काढू नका. शांतता हवी म्हणून बरेच जण ते काढून ठेवतात आणि मग शिकवणाऱ्याचं निम्मं बोलणं हुकतं.

आता दहा मिनिटांचा क्रम. पहिलं मिनिट फक्त आवाज: पंखा, खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा भाजीवाला. चांगला-वाईट न ठरवता ऐकायचं. आवाजाने सुरुवात करायची ती यासाठी की त्याला शोधावं लागत नाही, तो स्वतःच येतो. पुढची दोन मिनिटं स्पर्श: तळव्याखालची फरशी, मांडीखालची खुर्ची, मांडीवरचे हात. त्यापुढची पाच मिनिटं श्वास, नाकपुडीशी किंवा पोटाशी, जिथे स्पष्ट जाणवेल तिथे. लांब करायचा नाही, रोखायचा नाही. मन भरकटेलच. भरकटलंय हे कळलं की मनातल्या मनात ‘विचार’ एवढंच म्हणायचं आणि परत श्वासावर यायचं. दहा मिनिटांत पंचवीस वेळा परत यावं लागलं तर पंचवीस वेळा सराव झाला. सराव परत येण्याचाच असतो. शेवटची दोन मिनिटं लक्ष सैल सोडून पुन्हा आवाज आणि सगळं शरीर.

उठण्याची रीत बसण्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि ती क्वचितच कुणी शिकवतं. बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांचा रक्तदाब उभं राहताच खाली येऊ शकतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला डॉक्टर रीतसर नाव देतात आणि गोळीची मात्रा तपासतात. म्हणून आधी बसल्या बसल्या घोटे दहा वेळा वर-खाली करा, मग दांडे धरून उभे राहा, खुर्ची धरूनच दहा आकडे मोजा आणि मगच पाऊल टाका.

पहिले दोन आठवडे रोज एकदा दहा मिनिटं, पुढचे दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ दहा-दहा, त्यानंतर जमलं तर एका वेळी पंधरा-वीस. त्याच्या वर नेण्याची मला गरज वाटत नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या सजगता-ध्यानाच्या आठ आठवड्यांच्या मूळ अभ्यासक्रमात घरचा सराव रोज सुमारे ४५ मिनिटांचा आहे. संधिवात असलेल्या ७८ वर्षांच्या माणसाला तेवढा वेळ एका जागी बसवून निघतं काय, तर कंबरदुखी.

कुठे अडतं

दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा हृदयाच्या कमजोरीमुळे धाप लागणाऱ्यांना ‘श्वासाकडे बघा’ म्हटलं की श्वास आणखी अपुरा वाटायला लागतो, छाती धडधडते आणि माणूस घाबरून उठतो. त्यांच्यासाठी श्वास बाजूलाच ठेवायचा. दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून ऊब, ओलावा, नाडीची धडधड, यावर लक्ष द्यायचं. परिणामात काही उणं पडत नाही, कारण लक्ष टेकवायला जागा हवी असते, ती श्वासाचीच असावी असा नियम नाही.

दुसरी अडचण मधुमेह्यांची. शरीरावरून लक्ष फिरवण्याच्या सरावाची सुरुवात बहुतेक ध्वनिफिती डाव्या पायाच्या अंगठ्यापासून करतात. ज्यांच्या पायाच्या नसा बधिर झाल्यात त्यांना तिथे काहीच जाणवत नाही किंवा नुसती आग जाणवते, आणि ‘मला जमतच नाही’ असा समज होतो. तळहातापासून सुरू करून खांदे, चेहरा, मग पाठ असा क्रम ठेवा आणि पाय शेवटी. बधिरपणा कळला हीसुद्धा कामाची गोष्ट आहे. पायांची तपासणी कधी झाली होती ते आठवून बघा.

कपालभाती, भस्त्रिका करणारे लोक श्वासाचं नाव काढताच जोरजोरात ओढायला लागतात. गरजेपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर गेला की ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि ती ‘अनुभूती’ समजली जाते. ती अनुभूती नव्हे. श्वास आपल्या गतीने चालू द्या, दोन-चार मिनिटांत सगळं पूर्ववत होतं.

सतत झोप येत असेल तर कारण रात्रीत शोधा. जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं, सकाळी डोकं जड असणं, ही झोपेत श्वास बंद पडण्याची खूण असू शकते, आणि ती स्वतःच स्मरण बिघडवते. पडून केलेला सराव रात्री झोप लागण्यासाठी उत्तम, पण तो दिवसाच्या सरावात धरू नका.

रडू येणं हेही होतं. जोडीदार गेल्याला थोडेच महिने झालेत, किंवा मनावर गडद उदासी आहे, अशा माणसाला लांब मौनात बसवू नये. तिथे डोळे उघडे ठेवून पाच मिनिटं, सोबत कुणीतरी, आणि मानसोपचारतज्ज्ञ. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, २४ तास चालतो.

चालत करायच्या ध्यानाचं चित्र छान दिसतं: अगदी संथ, एकेक पाऊल. पण पाऊल जितकं संथ तितका वेळ शरीर एका पायावर. तोल सांभाळायला हे नेहमीच्या चालीपेक्षा अवघड आहे. म्हणून भिंतीच्या कडेने, हात पोचेल इतक्या अंतरावर, नेहमीच्या चालीपेक्षा थोडंच हळू, रबरी तळव्याची चप्पल घालून, नजर पायांवर नाही तर समोर. पुसलेल्या फरशीवर नाही, गच्चीवर सकाळी दव असताना तर नाहीच.

गोळी घेताना

माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात उपयोगी सराव खुर्चीवरचा नाही. रोज हमखास घडणारी आणि विसरली तर महागात पडणारी एक गोष्ट निवडा, समजा सकाळची बीपीची गोळी. गोळी तळहातावर घ्या. रंग बघा, मधली रेघ बघा. पाण्याचा पेला दुसऱ्या हातात धरा, गार आहे की कोमट ते जाणवू द्या. मोठ्याने म्हणा: ‘सोमवार, सकाळची गोळी घेतली.’ गिळा. रिकामा पेला ठेवेपर्यंत दुसरं काही बोलायचं नाही. वीस सेकंदांचं काम आहे. डोळे, हात आणि कान या तिन्ही वाटांनी नोंद होते, आणि अकरा वाजता ‘घेतली का नाही’ म्हणून दुसरी गोळी पोटात जाण्याची शक्यता घटते. तरी सात कप्प्यांची डबी ठेवाच. सराव डबीच्या जोडीला आहे, तिच्या जागी नाही. गॅसचं बटण, कडीकुलूप, चष्मा यांनाही हीच पद्धत, पण एका वेळी एकच गोष्ट, पंधरा दिवस.

जप करणारे विचारतात की आता हे नवीन शिकायचं का. नाही. १०८ मण्यांच्या माळेत बोट कुठल्या मण्यावर आहे ते जाणवतंय, नाम कानावर पडतंय, मन सुटल्यावर परत आणलं जातंय, तर ते लक्ष टिकवण्याचंच शिक्षण आहे. माळ फिरतेय आणि डोक्यात सोसायटीची मीटिंग चालू आहे, तर मात्र नुसता बोटांचा व्यायाम.

इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचं काय, हा प्रश्नही ठरलेला. गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं दहा दिवसांचं शिबिर म्हणजे पहाटे चारची घंटा, दिवसाला सुमारे दहा तास ध्यान, मौन, फोन-वाचन-लेखन बंद. पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवसापासून विपश्यना, म्हणजे शरीरभर लक्ष फिरवून संवेदना पाहणं. खुर्ची मागितली तर मिळते, फी नाही. ठणठणीत आणि आधीपासून बसण्याची सवय असलेल्या ज्येष्ठांनी जरूर जावं. पण विसराळूपणावर उपाय म्हणून, कधी दहा मिनिटंही न बसलेल्या माणसाने थेट तिथे जाऊ नये. संध्याकाळी नव्या साधकांना चहा आणि फळं असतात, पूर्ण जेवण नसतं, त्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्रा आधी डॉक्टरांशी ठरवावी. अर्जात आजार आणि गोळ्या विचारतात, तिथे लपवाछपवी करू नये, आणि मानसिक आजाराची गोळी ध्यानासाठी कधीही बंद करू नये.

डिमेन्शियाचं निदान झालेल्या माणसाला डोळे मिटायला लावू नका. अंधारात तो आणखी हरवतो. हातात ओळखीची वस्तू द्या, पितळी वाटी, सुती पदर, जुनी जपमाळ, आणि तीन-चार मिनिटं तिच्याकडे दोघांनी मिळून बघा, हाताळा. ‘काय आठवतं?’ असं विचारायचं नाही, ती परीक्षा होते. कंटाळा दिसला की थांबायचं. भारतात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांना सांभाळणारी घरातलीच सून, मुलगी किंवा स्वतः सत्तरीतली बायको असते. दहा मिनिटांचा तो खुर्चीवरचा क्रम तिनेही करावा, आणि त्या दहा मिनिटांत पेशंटपाशी दुसरं कुणीतरी बसलेलं असेल याची व्यवस्था घरच्यांनी करावी.